तबकडीचे तीन पाय

फ्रीमाँटच्या लायब्ररीत जुन्या घड्याळांच्या शौकिनांची बैठक होती. मी पहिल्यांदाच गेले होते, माझं जुनं रेल्वेचं खिशातलं घड्याळ घेऊन. एका ज्येष्ठ सभासदाने ते न उघडताच परत केलं. "तबकडी बदललेली आहे. जुनी तबकडी इतकी पांढरी नसते."

"जाऊ दे ना यार," सोबत आलेला नवरा कानात पुटपुटला.

पण ऑफिसातही माझं म्हणणं न तपासताच खोडणारे मी पुष्कळ पाहिले होते. मी तिथेच टेबलावरची अवजारं घेऊन घड्याळ उघडलं, काटे काढले, बाजूचे स्क्रू सैल केले आणि तबकडी उचलली. मागे तांब्याचे तीन पाय होते, न कापलेले, यंत्राच्या तिन्ही भोकांत नेमके बसणारे. दुसऱ्या घड्याळाची तबकडी बसवताना हे पाय कापून ती गोंदाने चिकटवतात; इथे गोंदाचा डागही नव्हता.

"रंग पिवळा पडतो, काका. ही इनॅमलची आहे, भाजलेल्या काचेची; ती पिवळी पडत नाही," मी इंग्रजीत सांगताना 'काका' तेवढं मराठीत निघून गेलं.

ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले. "ओरिजिनल असावी."

"असावी नाही, आहे. मघाशी सगळ्यांसमोर बोललात, आता हेही तसंच मोठ्याने सांगा."

त्यांनी सांगितलं. तबकडी मीच परत बसवली.