शंभरात एक

मॅट्रिकला गणितात मला चांगले गुण होते आणि त्याचा ताठा गुणांहून जास्त होता. छप्पन-सत्तावन्नच्या सुमारास मी चिंचवडच्या एका बाटल्यांच्या कारखान्यात लागले. काम एवढंच: बाटली दिव्यापुढे धरून फिरवायची, तडा दिसला की आपल्या पेटीत टाकायची. आधी थेरगावच्या एक विधवा मावशी बघायच्या, त्यांनी सोडलेली बाटली माझ्याकडे यायची. मावशींचं घर त्या नोकरीवरच चालायचं.

एकदा साहेबांनी विचारलं, तडकलेल्या दहा बाटल्यांतली एक प्रत्येकीच्या नजरेतून सुटते असं धरलं, तर दोघींच्याही नजरेतून किती सुटतील? मी खोक्यावर खडूनं मांडून दाखवलं. शंभरातल्या दहा मावशींकडून सुटणार, त्या दहांतली एक माझ्याकडून. शंभरात एक. साहेब खूश झाले. मावशींनी कौतुकानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात आठवला की मला अजून स्वतःची किळस येते.

पुढे एक दिवस साहेबांनी गुपचूप शंभर तडकलेल्या बाटल्या बुडाशी खूण करून मालात मिसळल्या. संध्याकाळी हे सांगून त्यांनी मलाच मोजायला बसवलं. मावशींच्या पेटीत खुणेच्या एक्क्याण्णव निघाल्या. माझ्या पेटीत एकही नाही.

म्हणजे मावशी चोख होत्या. मीच कित्येक दिवस बघत नव्हते. मावशींनी बघितलंय ना, म्हणून बाटली नुसती फिरवून पुढे सरकवत होते. तो गुणाकार खरा ठरायचा, तर एकीनं दुसरीच्या भरवशावर राहून चालणार नव्हतं. मी तर मावशींच्याच ओंजळीनं पाणी पीत होते.

साहेबांना मी एवढंच सांगितलं की नऊ सुटल्या. कोणत्या पेटीत किती, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. शिकलेली मुलगी इतकी चुकायची नाही, म्हातारीची नजर गेली असणार, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. मावशींना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

निघताना त्या माझ्यापाशी थांबल्या.

"पोरी, माज्या मागनं तू नीट बगत व्हतीस न्हवं?"

"हो मावशी."

"मग माजंच डोळं गेलं आसतील," म्हणत त्यांनी जेवणाचा डबा उचलला.