चढावर अडखळणारी मालगाडी

पुढची मालगाडी पुन्हा अठराच्या वेगावर आली. सकाळपासूनची ही अकरावी वेळ होती. मी केजमधल्या घरात लॅपटॉपसमोर बसलेले, आणि मालगाडी बालाघाटातल्या एका चढावर. सिग्नल लाल नव्हता, पुढे दुसरी गाडी नव्हती, रुळात काही खोट नव्हती. चाळीसच्या वेगानं छान चढत होती. एका ठरावीक जागी आली आणि कंटाळल्यासारखी हळू होत अठरावर गेली. मग हळूहळू पुन्हा सावरली.

ही गाडी अर्थातच खरी नव्हे. मी रेल्वे सिम्युलेटरचं काम करते. इंजिन चालवायला शिकणारी मुलं खऱ्या इंजिनात बसण्याआधी एका खोलीतल्या नकली केबिनमध्ये बसतात. हँडल, ब्रेक, हॉर्न सगळं खऱ्यासारखं, आणि काचेच्या जागी मोठा पडदा. पडद्यावर रूळ, सिग्नल, डोंगर धावत येतात. त्यातली एक गाडी शिकाऊ मुलगा चालवतो. आजूबाजूच्या बाकी सगळ्या गाड्या कॉम्प्युटर चालवतो. त्या गाड्यांना किती वेगानं पळायचं, कुठे मंद व्हायचं हे शिकवणं माझ्याकडे.

आमची कंपनी पुण्याची. दोन वर्षांपूर्वी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला. आई आधीच गेलेली, भाऊबहीण कुणी नाही. मी कंपनीला सांगितलं, केजहून काम करू द्या, नाहीतर राजीनामा घ्या. त्यांनी हे एक प्रोजेक्ट दिलं, बघू म्हणाले. आणि आता त्याच प्रोजेक्टमधली मालगाडी चढावर अडखळत होती.

सोमवारी दुपारी माझे बॉस अभय सर यांचा फोन आला.

"सुजाता, शुक्रवारी क्लायंटची फायनल टेस्ट आहे. सापडलं का?"

"नाही सर. काही कळतच नाहीये."

"गुरुवारपर्यंत नाही सापडलं तर काम इकडे घेतो. चौघं मिळून बसतील. आणि मग तुलाही पुण्यालाच यावं लागेल. घरून जमत नाही असं झालं तर वरच्यांना मी काय सांगणार?"

"सर, दादांना कुठे ठेवू?"

"मला कळतं गं," ते म्हणाले. त्यांना खरंच कळत होतं, पण त्यानं काही बदलत नव्हतं.

ह्या अडखळण्याची तक्रार कुठून आली तेही सांगते. ज्या प्रशिक्षण संस्थेला हा सिम्युलेटर द्यायचा होता, तिथली मुलं ह्या कोळशाच्या मालगाडीच्या मागे आपली गाडी चालवत. चढावर पुढची गाडी मंदावली की मागच्याला पिवळा सिग्नल मिळे. पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीनं ये. मुलं बिचारी वेग कमी करत, उशिरा पोचत आणि मार्क गमावत. मुलं परप्रांतातली, नवीन. त्यांनी तक्रार केली तर तिथले इन्स्ट्रक्टर माझ्यावरच उखडले.

"मॅडम, मी स्वतः तीनदा चालवली. मला एकदाही पिवळा मिळाला नाही. पोरांचे हात कच्चे आहेत, दुसरं काही नाही."

हे इन्स्ट्रक्टर नोकरीची बरीच वर्षं परळीकडे काढलेले, मुरलेले. त्यांच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? पण मी चालवली की मलाही पिवळा मिळे. म्हणजे तीच गाडी, तोच चढ; मुलांना पिवळा, मला पिवळा, आणि त्यांना हिरवा. माझं डोकं चालेनासं झालं.

मंगळवारी मी एकेक गोष्ट काढून बघायला लागले. आधी वेगमर्यादा. त्या चढावरची मर्यादा वाढवून शंभर केली. गाडी अठरावरच. मग कॉशन पाहिलं. कॉशन म्हणजे रुळाचं काम वगैरे चालू असेल तर 'इथे हळू जा' अशी तात्पुरती सूचना. चुकून एखादी राहिली असेल म्हणून सगळी यादी चाळली. तिथे काही नव्हतं. मग वाघिणींमधला, म्हणजे मालाच्या डब्यांमधला, कोळसा काढला. रिकामी गाडी अठराऐवजी सव्वीसवर आली, पण मंदावली त्याच जागी. पॅसेंजर गाडी सोडून पाहिली, तर ती मात्र सरळ निघून गेली. मी रडकुंडीला आले. त्या दिवशी दादांच्या वरणात मीठ दोनदा पडलं आणि ते बिचारे तसंच जेवले.

पॅसेंजरला होत नाही आणि मालगाडीला होतं, हा मात्र धागा होता. दोघींमधला फरक मला ठाऊक होता. पॅसेंजर गाड्या साध्या हिशेबावर चालत: मर्यादा पाहा, वेग ठेवा. मालगाड्यांबद्दल क्लायंटची खास मागणी होती, की त्या माणसानं चालवल्यासारख्या वाटल्या पाहिजेत. म्हणून परळीचे एक रिटायर्ड लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हर, माणिकमामा यांना आम्ही पुण्याला केबिनमध्ये बसवून तीनदा गाडी चालवायला लावली होती. त्यांचा हात हँडलवर कधी कुठे होता हे सगळं रेकॉर्ड केलं, आणि कॉम्प्युटर त्यांची नक्कल करत होता. मी तेव्हा केजलाच होते. माझ्याकडे फक्त फायली आल्या.

फाइल उघडली. त्या जागी नॉच झिरो. नॉच म्हणजे इंजिनाच्या ताकदीचे टप्पे, घरच्या पंख्याच्या रेग्युलेटरला असतात तसे. मामांनी आठव्या नॉचवरून हँडल झिरोला आणलं होतं, बावीस सेकंद तसंच ठेवलं होतं आणि मग एकेक टप्पा चढवत परत आठवर नेलं होतं. त्यांची गाडी रिकामी होती, तिनं ते सोसलं. कोळसा भरलेल्या गाडीला चढावर बावीस सेकंद ताकद मिळाली नाही तर ती बसणारच. तिन्ही रेकॉर्डिंगमध्ये तीच जागा.

कुणी म्हणेल, मग बावीस सेकंद पुसून टाकायचे, झालं. तसं करायला हात धजेना. चौतीस वर्षं गाडी चालवलेला माणूस तीनदा एकाच जागी ताकद काढून घेतो, तर त्याला काहीतरी कारण असणार. ते काय, हे न कळता पुसलं आणि तिथेच काही शिकवण्यासारखं असलं तर? मी मामांना फोन लावला.

"मामा, त्या मोठ्या चढावर तुम्ही नॉच झिरो का केला?"

"कुनी? मी? न्हाई बा."

"रेकॉर्डिंगमध्ये दिसतंय, मामा."

"अगं बाई, भर चढावर झिरो कोन करंल? गाडी बसंल ना! तुमच्या मशिनीतच काही तरी गडबड हाय बघा."

फाइल म्हणते केलं, माणूस म्हणतो नाही. आणि मामा खोटं बोलणारे नव्हते, हे आवाजावरून कळत होतं. फोन ठेवला तेव्हा मी सोमवारपेक्षा जास्त गोंधळलेले होते.

बुधवारी सकाळी दादा खाटेवर टेकून बसले होते. झटका येण्याआधी ते अंबाजोगाई डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. माझ्या स्क्रीनवरच्या रेघा ते रोज बघत, विचारत मात्र काही नसत. त्या दिवशी विचारलं.

"कावून तोंड एवढंसं केलंस, माय?"

मी सांगितलं. ही रेघ ताकदीची, ही ब्रेकची, ही वेगाची. दादांनी डाव्या हाताचं बोट स्क्रीनवर ठेवलं.

"ह्या डायवरनं बिरेक लावलाच न्हाई?"

"नाही."

"मंग त्याला समोर काही दिसलेलं न्हाई. दिसलं असतं तर पाय आधी बिरेकवर गेला असता. ह्यानं नुसता हात काढून घेतलाय." मग म्हणाले, "तिथं डोंगरावर देऊळबिऊळ हाय का?"

"देऊळ?" मी विचारलं.

"आमच्यात लई डायवर करायचे. मांजरसुंब्याच्या घाटात देव दिसला की दोनी हात वर. मी शेजारी बसलो की वरडायचो, अबे, स्टेरिंग धर! मला कंडाक्टर म्हनायचा, तुमी बी जोडा की हात. मी म्हनायचो, माझ्या वाटचे तू जोड, मी पाशिंजर संभाळतो."

मी सिम्युलेटरमध्ये त्या जागी जाऊन डावीकडे पाहिलं. टेकडीवर देवीचं देऊळ होतं. पांढरा कळस, भगवा झेंडा. ते तिथे मीच बसवलेलं. खऱ्या जागेचा फोटो मागवून, दोन दिवस खपून, पायऱ्यासुद्धा मोजून. हुबेहूब झालं म्हणून सरांनी तेव्हा कौतुक केलं होतं.

तरी हा झाला अंदाज. नुसत्या अंदाजावर रिपोर्ट लिहिता येत नाही. गुरुवारी सकाळी शेजारच्या काकूंना दादांजवळ बसवलं आणि जीपनं अंबाजोगाई, तिथून एसटीनं परळी गाठली.

मामा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी काही विचारलंच नाही. चहा झाला की तुमचं रेकॉर्डिंग दाखवते म्हटलं आणि लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. कपबशी त्यांच्या हातात होती. पडद्यावर चढ सुरू झाला. मामा बघत होते, मध्येच सिग्नल पुटपुटत होते. डावीकडून टेकडी पुढे आली. मामांनी कपबशी शांतपणे खाली ठेवली, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. मग डोळे उघडून कपबशी परत उचलली.

"मामा."

"काय?"

"आत्ता तुम्ही काय केलं?"

"काय केलं? च्या पेतोय."

मी तेवढा तुकडा पुन्हा लावला. या वेळी हात अर्ध्यावर आले आणि मामांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. ते हात तसेच धरून माझ्याकडे बघायला लागले. मग इतके हसले की घरातून मामी बाहेर आल्या.

"चौतीस वर्सं जोडले," मामा म्हणाले. "कधी जोडतो ते आता मला बी कळत न्हाई."

"पण मामा, हे तर चित्र आहे."

"घरात फोटोला जोडतोच की. तो काय खरा असतो?"

मी रेकॉर्डिंग थांबवलं. मग आठवलं. "मग नॉच झिरो का करता?"

मामा एकदम गंभीर झाले. "हात सोडायचा तर आधी झिरो. चालू ताकदीवर हँडल सोडून दोनी हात जोडनारा डायवर मी न्हाई." नंतर आवाज खाली आला. "बाई, हे तुमच्या सायबांना लिहून देनार का? म्हातारा ड्युटीवर देवदेव करतो म्हनतील."

परतीच्या एसटीत मला तोच विचार. कारण लेखी दिल्याशिवाय दुरुस्ती मंजूर होत नाही आणि दुरुस्ती झाली नाही तर मला पुण्याची गाडी धरायची होती. शेवटी मी लिहिलं: 'रेकॉर्डिंगच्या वेळी पडद्यावरच्या एका दृश्यामुळे चालकाचं लक्ष बावीस सेकंद विचलित झालं. दृश्य मी तयार केलं होतं. तेवढे सेकंद काढून आठवा नॉच भरला आहे.' खोटं त्यात काही नव्हतं. सरांना फोनवर मात्र सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा "काय?" विचारलं आणि मग म्हणाले, "उद्या चालली म्हणजे झालं."

शुक्रवारी सर संस्थेत, मी केजला, मध्ये फोन चालू. पहिला मुलगा बसला. मालगाडी चाळीसनं चढ चढून गेली, मागे हिरवा. दुसरा मुलगा, हिरवा. मग इन्स्ट्रक्टर म्हणाले, "बघू, मीच चालवतो."

पाचेक मिनिटांनी त्यांचा मोठा आवाज आला. "अहो, पुढची गाडी फार पळायला लागली की! माझ्यापासून लांब चालली. आधी बरोबर होती."

सर फोनमध्ये कुजबुजले. "सुजाता, मालगाडी चाळीसवरच आहे. यांच्याच गाडीचा वेग खाली येतोय. आता हे काय नवीन?"

"सर, स्क्रीन बघू नका. त्यांचे हात बघा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सरांनी हसू दाबलेलं कळलं. "जोडलेत," ते म्हणाले.

तीनदा चालवूनही त्यांना पिवळा का मिळाला नव्हता, हे मला त्या क्षणी उमगलं. देऊळ लांबूनही दिसे, म्हणून पुढच्या गाडीनं हात जोडले की साधारण त्याच वेळी मागचे हेही जोडत. दोघं सारखेच मंदावत, अंतर तेवढंच राही.

इन्स्ट्रक्टरनी टेस्टच्या कागदावर सही केली. संध्याकाळी सरांचा मेसेज आला, पुढचं काम केजहूनच कर. मी दादांना वाचून दाखवला. इतके दिवस पुण्याचा विषय त्यांच्यासमोर मी काढला नव्हता; माझं फोनवरचं बोलणं त्यांना ऐकू येत होतं हे मी विसरले होते.

"मंग जात न्हाईस?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. खांदा हलत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला, कारण तिथे थांबले असते तर मीही रडले असते.

आता रेकॉर्डिंग असलं की मी फायलींची वाट बघत नाही. दादांजवळ काकूंना बसवते, स्वतः पुण्याला जाते, ड्रायव्हरच्या शेजारी स्टूल टाकते आणि दिवसभर त्याच्या हातांकडे बघते. ड्रायव्हर लोक अवघडतात. एकानं विचारलंही, मॅडम, माझ्या हातात काय आहे? म्हटलं, ते तुम्हाला ठाऊक नसतं, म्हणून तर बसलेय.