हल्ली मुक्काम धारणी

अकोल्याच्या जुन्या शहरात सहदेव पेंटर म्हणजे लग्नाच्या भिंतींचा माणूस. पोरीचं लग्न जुळलं की आधी सहदेवला निरोप, मग मंडपवाल्याला. दर्शनी भिंतीला चुना मारायचा, वर दोन मोर काढायचे, मधे नवरानवरीची नावं, आणि खाली साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांची. गणपतीच्या घरी गणपती, बुद्धाच्या घरी बुद्ध, इनायतुल्ला कापडवाल्याच्या घरी चांदतारा. मोर मात्र सगळ्यांकडे तेच.

त्याचा एकच नेम होता. नाव कुणाचं सुटू द्यायचं नाही. त्यालाही कारण होतं. पातूरच्या एका लग्नात नवरीच्या मामाचं नाव राहून गेलं. मामा मंडपात आलाच नाही, रस्त्यापलीकडच्या दगडावर जाऊन बसला. लोकांच्या हातात अक्षता, नवरदेव घामानं निथळतोय, आणि मामा म्हणतो, "भिंतीवर नाही, तं मी लग्नातही नाही." शेवटी सहदेवनं साऱ्या वऱ्हाडासमोर शिडी लावली अन् मामाचं नाव काढलं, गावासकट, 'हल्ली मुक्काम मूर्तिजापूर' असं. मामानं उठून ते बोटानं चाचपलं, ओला रंग बोटाला लागला, तेव्हा कुठं लग्न लागलं. त्या दिवसापासून सहदेव याद्या चारचारदा तपासायचा.

मग फ्लेक्स आला. रात्रीतून छापून मिळतो, सकाळी टांगता येतो, लग्न झालं की गोठ्यावर ताडपत्री म्हणून घालता येतो. ज्या भिंतीवर सहदेवनं एका घरच्या तीन पोरींची लग्नं काढली, त्याच भिंतीच्या मालकानं चौथीच्या लग्नात त्याला बोलावलं ते फ्लेक्स बांधायला. "शिडी तं हायेच ना तुमच्यापाशी," म्हणे. सहदेवनं बांधूनही दिला. घरी आल्यावर सुंदराबाईनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "चांगला होता का फ्लेक्स?" तो म्हणाला, "मोर बदकासारखा होता." मग ब्रश डब्यात टाकून त्यानं शिडी मागच्या भिंतीला टेकवली.

लेक प्राजक्ता अमरावतीला एका कॉलेजच्या कचेरीत नोकरीला. तिला बापाचं रिकामं बसणं पाहवेना. तिनं त्याला जाड वह्या आणून दिल्या. "बाबा, तुमाले आठवते त्या भिंती इथं काढा, मी लोकाले पाठवते." दर रविवारी एक चित्र आणि खाली चार ओळी, कुणाची भिंत, कुठलं गाव, लग्नात काय घडलं ते. आधी ते दहा जणांच्या मेलवर जायचं. दहाचे पन्नास झाले, पन्नासाचे दोनशे. पुण्या-मुंबईत गेलेली वऱ्हाडातली माणसं होती, ज्यांच्या घराच्या भिंती पाडून तिथं टाइल्स लागल्या होत्या. उत्तरं यायची. सहदेव ती प्राजक्ताकडून फोनवर वाचून घ्यायचा, एकेक दोनदा. सुंदराबाई म्हणायची, "एवढं लक्ष कधी माह्या बोलण्याकडं दिलं नाही बाप्पा यायनं."

खरं सांगायचं तर त्या रविवारावरच त्याचा आठवडा उभा होता. तो रविवार गेला असता तर मागं एक शिडी आणि वाळलेले ब्रश उरले असते.

दोनशेच्या वर माणसं झाली तशी साधी मेल अडायला लागली. न्यूजलेटरसाठी वेगळा प्लॅटफॉर्म घ्यावा लागेल, असं प्राजक्ता म्हणाली. सहदेव एसटीनं अमरावतीला गेला. लेकीनं लॅपटॉप उघडून तीन प्लॅटफॉर्म दाखवले. सहदेवनं चष्मा पुसला आणि भिंत पाहतात तसे ते पाहिले. ओल कुठं आहे, पोपडे कुठं आहेत.

पहिल्यावर चित्र बोटाएवढं व्हायचं. "हे तं आगपेटीवरचं चित्र झालं," तो म्हणाला. दुसरा महिन्याला भाडं घेणारा, पण त्यात लिहिलेल्या अक्षरांच्या वेलांट्या सुटून पुढं पळत होत्या. "याच्या गिलाव्याले रंग धरत नाही." तिसऱ्यावर चित्र होतं तेवढंच्या तेवढं, अंगणभर दिसत होतं. सहदेव खूश झाला.

"पन याच्यावर वाचणाऱ्यायची नावं कुठं दिसतीन?"

"कुठंच नाही दिसत, बाबा. कोन वाचते ते फक्त तुमाले कळते. एकमेकाले नाही. तेच तं याच्यात चांगलं हाये."

"चांगलं? पंगतीत बाजूले कोन बसलं हे माहीत नाही, अन् जेवाचं?"

"जमाना तसाच हाये. नियमच हाये त्यायचा, दुसऱ्याचं नाव-पत्ता टाकाचा नाही."

"नियम काढणाऱ्याच्या घरी लगन नसन झालं कधी," सहदेव म्हणाला. प्राजक्ता हसली. इथं हसायला नको होतं तिनं, पण कोणाला ठाऊक.

तिसराच घेतला. चित्र चढवायचं कसं, बटण दाबायचं कसं, हे तिनं त्याला आठ दिवस फोनवर शिकवलं. पुढं तो एकटाच करायला लागला. पाठवलं की सुंदराबाईला म्हणायचा, "गेलं." ती विचारायची, "पोचलं का?" जशी काही एसटीच गेली.

उत्तर लिहिणाऱ्यांत वर्षाली नावाची एक बाई होती. एकही रविवार चुकवायची नाही. पहिल्यांदा तिनं लिहिलं होतं, 'काका, चांदूर बाजारला माझ्या लग्नाची भिंत तुम्हीच काढली होती. माझ्या नावाच्या दोन्ही बाजूंना पोपट होते. त्या घरातलं तेवढंच मला आठवावंसं वाटतं.' मग कधीतरी, 'मी आता धारणीला आहे, मुलींच्या वसतिगृहात काम करते. इथं खूप पाखरं आहेत. कधी ही पाखरं काढा.' सहदेवनं पाखरं काढली, ओळीनं तीन रविवार. ती त्या घरातून निघून धारणीच्या रानात का गेली, हे त्याला कधी विचारावंसं वाटलं नाही. लेकीबाळींना असं विचारू नये, एवढीच त्याची समज.

शंभरावा रविवार आला. सहदेवच्या मनात महिन्यापासून एक गोष्ट होती आणि ती त्यानं कोणालाच सांगितली नव्हती. पंधरा दिवस खपून त्यानं मोठी भिंत काढली. वर मोर, मधे 'शंभरावी भिंत', आणि खाली वाचणाऱ्या साऱ्यांची नावं, दोनशे एकसष्ट. यादी चारदा तपासली. ज्याचं गाव माहीत त्याचं गाव, ज्याचं माहीत नाही त्याचा मेलचा पत्ता. सगळ्यात वर, नवरीच्या जागी, दोन पोपटांच्या मधे, गुलाबी रंगात: 'सौ. वर्षाली, चांदूर बाजार, हल्ली मुक्काम धारणी, कन्या वसतिगृह.'

सुंदराबाईनं पाहिलं. "भलतंच साजरं झालं," ती म्हणाली. एवढं ती कधीच म्हणाली नव्हती.

बटण दाबलं.

दुपारपर्यंत लोकांना आपापली नावं सापडली. कोणी स्टेटसला ठेवलं, कोणी गावच्या ग्रुपवर टाकलं, 'पाहा, आपलं नाव'. सहदेवच्या फोनला सारखी घंटी. संध्याकाळी ती भिंत चांदूर बाजारलाही पोचली.

मंगळवारी वर्षालीचं उत्तर आलं. सहदेवनं ते प्राजक्ताला न विचारता स्वतःच वाचलं, बोट ठेवून ठेवून.

'काका, गाव काहून लिहिलं? पाच वर्षं झाली, कोणाला माहीत नव्हतं. काल तो आणि त्याचा भाऊ जीप करून आले. तुमचं चित्र फोनमध्ये दाखवूनच दारावर माझ्याबद्दल विचारत होते.'

एवढंच. सहदेवनं उत्तर लिहायला घेतलं. 'बाई' इतकं लिहून झालं. ते तसंच ठेवून तो अंगणात जाऊन बसला. रात्री परत उघडलं तर खातं बंद. पुण्याच्या कोण्या साहेबानं आणि आणखी पाचसहा जणांनी तक्रार केली होती, आमचे पत्ते जाहीर केले म्हणून. मान द्यायला गेला होता बिचारा. प्राजक्तानं चार अर्ज लिहिले. चारही वेळा मशीननं एकच उत्तर पाठवलं, तेही 'प्रिय निर्माते' म्हणून.

"यादी उतरवून ठेवली होती का, बाबा? मी सांगतलं होतं."

यादी होती. त्या चित्रातच होती, दोनशे एकसष्ट नावांची. पण वर्षालीच्या नावापुढं मेलचा पत्ता नव्हता. तिचं तर गाव माहीत होतं.

गुरुवारी सहदेव निघाला. "तुमाले पाहून तिले काय सुख होनार हाये?" सुंदराबाई म्हणाली. तरी तिनं भाकरी बांधून दिली. दोन एसट्या बदलून, शेवटी जीपमध्ये पोरांच्या मांडीला मांडी लावून, दुपार उतरता तो धारणीला पोचला. वसतिगृहाच्या दारात अधीक्षक बाई भेटल्या. मागच्या भिंतीवर त्याची पाखरं चिकटवली होती, तिन्ही रविवारांची, छापून.

"कोन पाहिजे?"

त्यानं सांगितलं.

बाईंनी त्याच्या बोटांकडं पाहिलं. नखांत रंग होता. "तुमीच का ते पेंटर?"

"हो."

"सोमवारी त्यायनं तिचा हात मोडला. इथं, या पायरीवर. साऱ्या पोरी पाहत होत्या. पोलीस येईस्तोवर ते पळाले." बाईंचा आवाज चढला नाही. "आता ती इथं नाही."

"कुठं हाये? म्या फक्त..."

"कोनालेच नाही सांगत. तुमाले तं नाहीच नाही."

सहदेव उभा राहिला. भाकरीचं गाठोडं त्यानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मग बाईंनीच टेबलावरचं रजिस्टर पुढं सरकवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करावी लागते, नवा नियम होता, सोमवारपासूनचा.

त्यानं पेन घेतलं. नाव लिहिलं, सहदेव. गाव लिहिलं, अकोला. हात आपोआप वळणदार चालत होता, त्याला आवरता येईना. पुढचा रकाना होता 'कोणाला भेटायचे'. पेन तिथं टेकलं आणि 'व' चा गोल सुरू झाला, तोच बाईंनी पानावर तळहात ठेवला.

"ते राहू द्या रिकामं."

त्यानं पेन उचललं. उमटलेला अर्धा गोल बाईंनी स्वतःच्या पेनानं, काळा होईपर्यंत, गिरगटून टाकला. सहदेव ते होईस्तोवर थांबला, आणि मग जीप कुठून मिळते ते विचारून निघाला.