विक्रीसाठी नसलेला प्रोसेसर

कंप्युटरच्या कॅबिनेटला रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या फुलांची माळ होती, वर हळदकुंकू होतं, बाजूला फोडलेला नारळ होता आणि स्क्रीन काळी होती. आतले पंखे फिरत होते. एवढंच.

"पूजा झाली, बटन दाबलंय, तर ह्या असा," उल्हासदादा म्हणाले.

"पूजेआधी काय केलंत?"

"काय नाय."

"दादा, काय केलंत?"

त्यांच्या बायकोने, सुनयना वयनीने, दारातूनच सांगून टाकलं. "ऑईल बदललो त्यांनी."

उल्हास गावस माझे जुने गिऱ्हाईक. खाणी चालू होत्या तेव्हा पाळी गावच्या रस्त्यावर त्यांचे खनिजाचे ट्रक धावायचे. खाणी थांबल्या, एक सोडून सगळे ट्रक विकले आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणूस ड्रोन उडवायला शिकला. आता ते जमिनीचे वरून फोटो काढून मोजणीचे नकाशे करून देतात. पण सवयी ट्रकवाल्याच्याच. आमच्याकडे दसऱ्याआधी गाडी नुसती धूत नाहीत. ऑईल नवं, फिल्टर नवा, ग्रीस नवं, मग माळ.

"ट्रकाचा बदललंय, जीपचा बदललंय," दादा म्हणाले. "मग म्हटलं, हेच्यातपण कायतरी नवा घालूया. मदरबोर्डवाल्यांनी नवीन बायोस काढलेला. फुकट. घातलंय."

मी खुर्ची ओढून बसले. मशीनला काय झालं ते कळलं होतं.

मी डिचोलीत वर्कस्टेशन बांधते, म्हणजे जड कामाचे कंप्युटर. आमोण्याच्या आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. डिग्री फ्रेम करून दुकानात देवाच्या फोटोच्या बाजूला लावली आहे. लोक हसतात. हसू देत. बांधलेल्या प्रत्येक मशीनवर मी माझ्या नावाचा स्टिकर लावते. या एका मशीनवर तो नव्हता, आणि का नव्हता ते दादांना पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं.

त्यातला प्रोसेसर विक्रीचा नव्हता. सर्व्हरचा प्रोसेसर म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या कंप्युटरांचा मेंदू. त्याला कोअर पुष्कळ, म्हणजे एकाच वेळी हिशेब करणारे हात पुष्कळ. तो बाजारात येण्याआधी बनवणारी कंपनी थोडे नमुने काढते आणि तपासणीसाठी मदरबोर्ड, म्हणजे प्रोसेसर ज्याच्यावर बसतो ती पाटी, बनवणाऱ्यांना देते. त्याला इंजिनियरिंग सॅम्पल म्हणतात. घरच्या भाषेत सांगायचं तर भात शिजला का बघायला पळीवर काढलेलं शीत. हे नमुने कंपनीच्या मालकीचे असतात, काम झालं की परत जायला हवेत. पण काही परस्पर बाहेर पडतात आणि ऑनलाइन विकायला येतात. पाठीवर मॉडेलचं नाव नसतं, नुसता एक कोड आणि 'गोपनीय' असा शब्द. किंमत अगदीच कमी. गॅरंटी नाही, तक्रार करायला पत्ता नाही. घरी मशीन जोडणारे पुष्कळ लोक ते वापरतात, आणि पुष्कळांचे नीट चालतातही. दादांनी स्वतः मागवला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. मी म्हटलं, जोडून देते, स्टिकर लावणार नाही. ते म्हणाले, "स्टिकरान काय नकाशे होतत?"

आता बायोसचं. मशीन चालू होताना सगळ्यात आधी जो छोटा प्रोग्राम जागा होतो तो बायोस. कुठले प्रोसेसर ओळखायचे ते त्याच्यात लिहिलेलं असतं. खरे प्रोसेसर बाजारात आले की बोर्ड बनवणारे नव्या बायोसमधून जुन्या नमुन्यांची ओळख काढून टाकतात. त्यांच्या दृष्टीने ते नमुने आता जगात नसतात. दादांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर स्वतःच्या हाताने आपल्या प्रोसेसरची ओळख पुसली होती.

एरवी मी चार शब्द सुनावून मशीन उचललं असतं. पण आत अडकलेलं काम साधं नव्हतं.

दादांच्या घरापासून जवळच एका बंद खाणीचा डंप आहे. खनिज काढताना निघालेली निरुपयोगी माती वर्षानुवर्षं एका जागी ओतत गेलं की जो डोंगर होतो, तो डंप. या पावसात त्याच्या माथ्यावर भेग दिसली. पायथ्याला लागून थोडी घरं आहेत, त्यातलं एक शांताकाकींचं. सरकारी माणसं आली आणि सगळ्यांना देवळाच्या हॉलमध्ये हलवलं. लोकांना एकच गोष्ट हवी होती, घरी कधी जायचं. उन्हाळ्यात दादांनी हात बसावा म्हणून त्याच डंपवर ड्रोन उडवला होता. तेव्हाचे फोटो होते, आताचे काढले. दोन्हींवरून डंपची उंची काढायची, एकातून दुसरी वजा करायची. डंप सरकतो तेव्हा वर बसतो आणि खाली पोट काढतो. नकाशावर हिरवं म्हणजे जागच्या जागी, तांबडं म्हणजे हललेलं. खाण खात्याच्या इंजिनियरने दादांकडे हा नकाशा मागितला होता. त्यावरून तो पुढचं ठरवणार होता.

दसऱ्याच्या आधी निकाल आला होता. सगळं हिरवं. दादांनी हॉलमध्ये जाऊन सांगूनही टाकलं, दिवाळी घरात. फक्त नकाशा छापून द्यायचा राहिला होता.

मी कॅबिनेटचं दार काढलं. आतल्या बाजूला टेपने चिकटवलेला पेनड्राइव्ह होता, मशीन दिलं तेव्हा मीच लावलेला. त्यात जुना बायोस. चांगल्या बोर्डांना मागे एक बटण असतं. प्रोसेसर झोपलेला असला तरी ते दाबून पेनड्राइव्हवरून बायोस परत घालता येतो. लहानसा दिवा लुकलुकतो, तो विझेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. वयनीने चहा आणला, तो निवला. दिवा विझला. बटण दाबलं, स्क्रीन आली.

"बाय, तुझी डिग्री लागू पडली," दादा हसले. "आता छाप."

"थांबा. आधी तपासते."

माझी एक पद्धत आहे. मेलेलं मशीन उठवलं की मरण्याआधी त्याने केलेलं शेवटचं काम त्याच्याकडून परत करून घ्यायचं आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघायची. जुळली तरच मशीन गिऱ्हाइकाच्या ताब्यात. दादांच्या मशीनचं शेवटचं काम होतं डंपचा नकाशा. तेच फोटो, तीच सेटिंग लावून दिली. सोनं वाटायला येणारे येत राहिले, आपट्याची पानं टेबलावर साठत गेली आणि खोली त्या मशीनने तापत गेली.

दुसरा नकाशा आला. घरांच्या बाजूच्या कोपऱ्यात तांबडा डाग होता.

 मी दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले. बाकी सगळीकडे जुळत होते, त्या कोपऱ्यात नाही. असल्या कामात बोटभर फरक सॉफ्टवेअरचा म्हणून सोडता येतो. हा हातभर होता.

"तुझा बायोस नीट बसला नाय," दादा म्हणाले.

"तो तुमचाच जुना बायोस. पहिला नकाशा त्याच्यावरच झाला होता."

"मग पयलो बरोबर, दुसरो चुकलो."

"कशावरून?"

"आणि पयलो चुकलो कशावरून?"

"तेच म्हणतेय मी. मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. एकच गणित, एकच मशीन, दोन उत्तरं. यातलं एकही छापायचं नाही."

दादांचा आवाज चढला. "लोकांक मी शब्द दिलंय गो. शांताकाकीन बोचकी बांधल्यान."

"मग सोडायला सांगा."

"तू सांग जाऊन! तुका काय, तू डिचोलेक जातलंस. माका हय रवाचा आसा."

त्यांचं बोलणं खरं होतं. पण शब्दाखातर हिरवा नकाशा छापणं मला जमण्यासारखं नव्हतं. वयनी मघापासून दारात उभी होती. ती दादांना एवढंच म्हणाली, "कोपरो खंयचो? काकीच्या गोठ्याकडचो मां?" दादांनी होय म्हणून मान हलवली आणि फोटोंचा ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला.

माझ्या दुकानात एक जुनं मशीन आहे. थोडे कोअर, हळू, पण दुकानातून बिल घेऊन आणलेला प्रोसेसर. काम त्याच्यावर लावलं. दादांच्या मशीनला दुपार पुरली होती, याला दसऱ्यानंतरचा आख्खा दिवस लागला. तोपर्यंत दादा फोन करत राहिले. "झाला?" "नाही." "झाला?" "नाही, दादा." शेवटी निकाल आला. कोपरा तांबडा. मी तो परत एकदा लावला. पुन्हा तांबडा, त्याच जागी, तेवढाच.

हॉलमध्ये सांगायला मी दादांबरोबर गेले. चटया पसरलेल्या होत्या, कडेला बांधलेली बोचकी होती. दादा उभे राहिले आणि म्हणाले की आपण आधी सांगितलं ते चुकीचं होतं, डंप हललाय, घरी जायचं नाही.  मग मागून कुणीतरी म्हणालं, "उल्हासा, पयलो कंप्युटर तुझो आणि दुसरो खाणवाल्यांचो काय?" त्याचा रोख असा की हा निकाल खाणवाल्यांनी करून घेतलाय. थोडे हसले. दादा हसले नाहीत.

शांताकाकी सत्तरीच्या. एकट्या राहतात, दोन म्हशी. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. "बाय, फोव मी खयपण खाईन. पण कारीट आपल्या तुळशीफुडे फोडूचा असता. ता ह्या हॉलात खय फोडू?"

दिवाळीच्या पहाटे अंघोळ करून तुळशीपुढे कारीट नावाचं कडू फळ पायाने चिरडतात, नरकासुर मारला म्हणून, आणि मग फोव, म्हणजे पोहे खातात. त्याशिवाय आमच्याकडे दिवाळी सुरू होत नाही. मी म्हटलं, "काकी, यंदा देवळाच्या पायरीवर फोडा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बोचकं सोडायला घेतलं.

दिवाळीपर्यंतच्या मधल्या दिवसांत मी दादांचा तो प्रोसेसर दुकानात आणून एकच हिशेब त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतला. थंड असताना बरोबर. खूप वेळ तापला की त्यातला एक कोअर मधूनच चुकीचं उत्तर द्यायचा. मशीन बंद पडायचं नाही, स्क्रीनवर काही यायचं नाही. असले कोअर कारखान्याच्या चाळणीत बाहेर निघतात. हा चाळणी लागायच्या आधीचा. बंद पडणाऱ्या मशीनची मला कधी भीती वाटली नाही. ते निदान सांगतं. हे चुकत होतं आणि गप्प होतं. दादांनी ऑईल बदललं नसतं तर मशीन माझ्याकडे आलं नसतं, दुसरा नकाशा झाला नसता आणि पहिला छापला गेला असता.

खात्याने आमचा नकाशा घेतला, स्वतःची माणसं पाठवून मोजणी केली आणि डंपची माती वरून उतरवायला खोदयंत्रं लावली. दिवाळी हॉलमध्ये झाली. काकींनी कारीट पायरीवर फोडलं. त्यानंतर काम चालू असतानाच एका दुपारी परतीच्या पावसाची सर येऊन गेली आणि तो कोपरा सुटला. काकींचा गोठा गेला, स्वयंपाकघराची मागची भिंत गेली, तुळस गेली. म्हशी हॉलच्या मागे बांधलेल्या होत्या. घरात कुणी नव्हतं.

मी बघायला गेले तेव्हा दादा तिथेच उभे होते. पडलेल्या स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले, "दिवाळीक घराक इली असती तर त्या दुपारी ती ह्याच रांदचेकुडीत असती." 

दादांच्या मशीनमध्ये आता बाजारातला प्रोसेसर आहे. कोअर निम्म्याहून कमी. नकाशा हळू होतो आणि महत्त्वाचा असेल तर दादा तो दोनदा करतात. त्या मशीनवर माझा स्टिकर आहे.

अजूनही लोक फोनवर तसल्या प्रोसेसरचा फोटो पाठवतात. मॅडम, स्वस्तात मिळतोय, घेऊ का? गेम खेळायला, शिकायला, हौसेला घ्या, मी म्हणते, फक्त तो काय आहे ते ओळखून घ्या. पण ज्या उत्तरावर कुणीतरी रात्री घरात झोपणार आहे, त्या कामाला नको. पळीवरचं शीत चेपून बघायचं असतं. ते पंगतीत वाढत नाहीत.