साडेआठशे नॅनोसेकंद

१९८८ साली आमची सिग्नलची तुकडी डोंबिवलीच्या खाडीकाठी होती. बारा जवान, दोन तंबू, एक जनरेटर. काम एकच: तिथून ठाण्याच्या कंट्रोलकडे जमिनीखालून जाणारी टेलिफोन केबल चालू ठेवणं. पाचला पीटी, आठला लाइन टेस्ट, संध्याकाळी व्हॉलीबॉल. मी हवालदार, तुकडीचा प्रमुख. स्वभावाने संशयी. कुंपणापाशी कुत्रं थांबलं तरी ते कोणाचं, याची मी चौकशी करत असे.

तिथला कोळी हिराजी नाखवा रोज कुंपणाकडच्या पायवाटेने होडीवर जायचा. थांबून आमच्याकडे बघायचा. पहिल्या दिवसापासून तो माझ्या डोळ्यांत खुपत होता.

एका सोमवारी आठला लाइन डेड. वायरलेसवर कंट्रोलने विचारलं, "केबल कापलीय का? ओव्हर."

"तपासतोय. ओव्हर."

तपासायचं यंत्र केबलमध्ये विजेचा एक ठोका सोडतं. बिघाडापाशी आदळून तो परत येतो. जाऊन यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. आमच्या केबलला एका मायक्रोसेकंदामागे शंभर मीटर. यंत्राने दाखवले ८५० नॅनोसेकंद. मी वहीत त्याचे मायक्रोसेकंद केले: साडेआठ. म्हणजे साडेआठशे मीटर. तिथे हिराजीची झोपडी. मला मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

साडेनऊला आम्ही तिथे पोहोचलो. खुंटीला तांब्याच्या तारेचं वेटोळं.

"ही कुठली?"

"भंगारातली हाय, सायेब. जाल्याला बांधाला घेतली. मी क्याला तोरू तुमची तार?"

मी तार जप्त केली आणि पोलिसांना निरोप धाडला. जीप बाराला येणार होती. लष्कराची केबल तोडली म्हटल्यावर माणूस घरी कधी परतेल, सांगता येत नाही. त्याची बायको दारात हात जोडून उभी होती. आम्ही तिच्या चुलीशेजारी खणायला घेतलं. चार फुटांपर्यंत केबल काही लागली नाही.

अकरा वीसला नायक सदाशिव माझी वही घेऊन आला. साताऱ्याकडचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा.

"हवालदारसाहेब, हजार नॅनोंचा एक मायक्रो ना?"

"मग?"

"तुम्ही शंभरने भागलंय. साडेआठ नाही, पॉइंट आठ पाच. म्हणजे पंच्याऐंशी मीटर."

"हा कोळी तुला मासे देतो का रे?"

"नाही साहेब. टेप लावून बघू."

टेप लावली. पंच्याऐंशी मीटर आमच्याच कुंपणाच्या आत संपले, व्हॉलीबॉलच्या लोखंडी खांबापाशी. तो रविवारी संध्याकाळी माझ्याच हुकमाने या नव्या जागी ठोकला होता. केबलचा नकाशा माझ्या पेटीत होता. मी उघडून पाहिला नव्हता. खांब उपसला तर टोकाला केबलच्या सालपटाचे तुकडे. वेळ अकरा पन्नास. मी रस्त्यावर जाऊन जीप परत पाठवली. हिराजीची माफी मात्र मागितली नाही. लाज वाटली. तार परत द्यायला सदाशिवला पाठवलं.

तीन वर्षांनी सीमेवर तुटलेली लाइन जोडताना तोफगोळा पडून सदाशिव गेला. मी तेव्हा दुसऱ्या पोस्टिंगवर होतो.

रिटायर होऊन डोंबिवलीत घर घेतलं, तेव्हा एका सकाळी खाडीवर गेलो. हिराजी जाळं विणत होता. त्याने मला ओळखलं.

"तो बारीक शिपाय कसा हाय?"

मी सांगितलं. त्याने जाळं बाजूला ठेवलं.

"तार द्याला आलेला, तवा माज्या पाया परला. बोल्ला, नाखवा, हिशोब माझा चुकला. मी बोल्लो, जाव दे रं."

माझे हात आपोआप सावधानमध्ये गेले.

"हिशोब त्याचा नव्हता, नाखवा," मी म्हणालो. "माझा होता."