भावोजींचं लेखी मरण

माझ्या नणंदेचे यजमान, दिनकरभावोजी, एकदा माझ्या हस्ताक्षरात वारले.

तेव्हा मी साजगावात नवी सून होते आणि स्वतःला फार रसिक समजत होते. खोपोलीत पाहिलेला सिनेमा असो की कर्जतच्या वाचनालयातून आणलेली कादंबरी, वहीत अभिप्राय लिहिल्याशिवाय मला झोप येत नसे. जणू लेखक मंडळी दारात ताटकळत उभी आहेत! अडचण एकच. पात्रांची नावं माझ्या डोक्यात टिकत नसत. म्हणून मी त्यांना घरातल्यांचीच नावं द्यायचे. सोशिक आणि सुंदर दिसली की मी. देखणा असला की आमचे हे. (नवं लग्न होतं, समजून घ्या.) आणि कुणी खाष्ट निघाला की दिनकर!

कारण पळसदरीचे हे भावोजी रुसण्यात पटाईत. दिवाळीत त्यांच्या पाटाभोवती रांगोळी नव्हती म्हणून त्यांनी सुमनवन्संना होळीपर्यंत माहेरीच ठेवलं होतं. नुकतीच कुठे समजूत पटली होती. "पुन्हा अपमान झाला तर हिला कायमची धाडीन," असं बजावून गेले होते.

त्यात मी एक पुण्यकर्म केलं. सासूबाईंना वाचायला शिकवलं! पाटी संपली तशा त्या दिसेल ते वाचू लागल्या. साबणाचं वेष्टण वाचलं, खताची गोणी वाचली आणि एके दुपारी, मी नळावर गेलेली असताना, माझी वही वाचली.

हंडा घेऊन परतले, तर ओट्यावर आळीतल्या बायका भाकऱ्या थापतायत आणि सासूबाई ऊर बडवतायत.

"दिनकर गेला गं!"

"अगं बाई! कुणी सांगितलं, आत्याबाई?" मी सासूबाईंना विचारलं.

"लेखी आलंय!"

लेखी म्हणजे तार, असं मी धरून चालले. तारच ती! मी तर हंडा टाकून अशी रडले, की बायका भाकऱ्या सोडून मलाच पाणी पाजायला धावल्या.

मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. म्हणून पातेलंभर पिठलं आणि टोपलीभर भाकऱ्या घेऊन आम्ही दोघी टेंपोत चढलो. "माझा वाघ गं, माझा वाघ!" सासूबाई वाटभर म्हणत होत्या. (कालपर्यंत हाच वाघ 'मेला रुसूबाई' होता.)

पळसदरीला टेंपो थांबायच्या आत त्यांनी तोंडावर पदर घेऊन गळा काढला. सुमनवन्सं धावत बाहेर आल्या. आई रडतेय म्हणजे बाबाच गेले असं समजून त्यांनी आईला मिठी मारून वरचा सूर लावला. आणि मागोमाग तोंडात घास घेऊन भावोजी! सासू रडतेय, बायको रडतेय, आपण कोरडं कसं उभं राहायचं? तेही रीतसर हुंदके देऊ लागले.

पोटभर रडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पन आई, गेलं कोन?"

सासूबाईंनी पदर बाजूला केला. डोळे फाडून पाहिलं. "तुमी!"

"मी? मी तर जेवतोय!"

"आसं कसं? सूनबाईनं लिव्हलंय!" आणि त्यांनी पिशवीतून वही काढली. माझी वही! तिथून धरण जवळच आहे, हे मला प्रकर्षानं आठवलं.

भावोजींनी खणखणीत आवाजात वाचलं, "'दिनकर शेवटी मेला एकदाचा. फार ताणला. मध्यंतराच्या आधीच मारायला हवा होता.'"

"भावोजी, तो सिनेमातला!" मी ओरडले. "तुम्ही नव्हे. तो एक लबाड सावकार होता." (इथे गप्प बसता आलं असतं.)

"म्हंजी मी लबाड? सुमन, भर तुझी पिशवी! टेंपो दारात हायच!"

सुमनवन्सं माझ्याकडे एकदाच पाहून आत वळल्या. कालचा अभिप्राय आणि आजचा मोडलेला संसार! मी जीव एकवटून म्हटलं, "भावोजी, पुढच्या सिनेमात हिरो तुम्हीच! लिहून देते!"

भावोजी थांबले. मिशीला लागलेलं पुसलं. "गानी असत्याल?"

"भरपूर!"

"मरनार तर नाय?"

"नाय!"

"मग लिव्ह. हितंच. आन् सुमन, ऱ्हाऊ दे गं ती पिशवी."

मी उंबऱ्यावर बसून लिहिलं. मग भावोजींनी स्वतःच्या दुखवट्याचं पिठलं दोनदा मागून घेतलं. "झ्याक झालंय," म्हणाले.

पुढे ते येतील तेव्हा वही तपासू लागले. त्यांना मारायची सोय उरली नाही, ह्यांना मारायची हिंमत नव्हती. मग वहीत मरायला राहिलं कोण? मीच! तेव्हापासून प्रत्येक सिनेमात, प्रत्येक कादंबरीत, मरते ती मी.

परवा नातीनं वही उघडली आणि किंचाळली. "आजी, तू काल दरीत पडून मेलीस? आणि खाली लिहिलंयस, 'अभिनय सुमार, मरायला फार वेळ लावला!'"

"खरं तेच लिहिलंय गं," मी म्हटलं. "आता शेजारून चहा आणि काही खायला येतंय का बघ. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत."