डिंपलची दोन मैदानं

डिंपल मारबते वर्षातले काही महिने गवतावर फुटबॉल खेळते आणि काही महिने हॉलमधल्या लाकडी फरशीवर. दोन्हीकडं तिला खेळायचा पगार मिळतो. आरमोरीत हे समजावून सांगायचं काम माझ्याकडं आहे. मी रिना. शाळेच्या टीममध्ये मी तिची गोलकीपर होते, आता इथल्याच एका शाळेत शिकवते. बाजारात कुणी ना कुणी विचारतंच, "फुटबॉलचा पगार? मंग थे पोरगी काम काय करते?"

आमची टीम तशी ओढूनताणूनच झाली होती. खुशाल सर खेळ शिकवायचे. त्यांनी कबड्डीच्या पोरी उचलल्या, धावणाऱ्या उचलल्या, आणि मला उंच म्हणून गोलात उभं केलं. गावाबाहेरची बोडी, म्हणजे छोटं तळं, उन्हाळ्यात आटली की तिच्या तळाला आमचं मैदान. भेगाळलेल्या मातीत बॉल कुठं वळेल याचा नेम नसायचा. आम्ही सगळ्या बॉल गेला तिकडं बघत राहायचो. डिंपल मात्र तोवर तिथं पोचलेली असायची.

नागपूरला स्पर्धेत आम्ही सपाटून हरलो. माझ्या पाठीमागच्या जाळीत बॉल इतक्यांदा गेला, की शेवटी शेवटी मी तो काढायला हसतच जायचे. आमचा एकच गोल झाला, तो डिंपलचा. सामना संपल्यावर गळ्यात शिट्टी अडकवलेली एक बाई आली. मयुरी मॅडम, तिथल्या एका क्लबच्या कोच.

"ती पोरगी कुठली?" त्यांनी विचारलं.

"कोणती?" मी म्हटलं.

"अगं, एकच तर धावत होती!"

मॅडमनी डिंपलला नागपूरला ठेवून घ्यायचं म्हटलं. तिच्या घरी दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. तिची आई, गोकुळाकाकू, चुलीपुढून उठेचनात. "पोरीची जात, एकटी राहून काय करन तिथी?" तिचे वडील, केवळरामकाका, अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरची बोडीतली मासेमारी. जाळ्याची गाठ मारून ते म्हणाले, "जाऊ दे तिले. बोडीतला मासा बोडीएवढाच वाढते."

डिंपल गेली, आणि वाढली. नागपूरहून ती गोव्याच्या एका क्लबात गेली. तिथं तिला पहिला पगार मिळाला, बूट मिळाले, आणि मणिपूर, केरळ, झारखंडच्या मैत्रिणी मिळाल्या. उजव्या कडेनं ती अशी सुटायची की समोरची बचावपटू नुसती हात वर करून रेफ्रीकडं बघायची. घरी फोन केला की खेळाचं कमी आणि जेवणाचं जास्त. "बाबा, इथले मासे लय मोठे हायेत, पण आपल्या बोडीची चव नाई."

मग एका सामन्यात तिचा गुडघा गेला. कुणी पाडलं नाही, कुणी धक्का दिला नाही. ती नुसती वळली आणि खाली बसली. लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं, सीझन संपला, आणि नव्या सीझनला क्लबनं तिला बोलावलं नाही. बावीस वर्षांची डिंपल कुबड्या घेऊन आरमोरीला परतली.

ते महिने वाईट होते. मी रोज जायचे, ती भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. टीव्हीवर फुटबॉल लागला की ती बंद करायची. डॉक्टरांनी कमरेएवढ्या पाण्यात चालायला सांगितलं होतं. गावात पोहायचा तलाव कुठला? पण पावसाळ्यानंतर बोडी भरलेली होती. कुबड्या सुटल्या, जखम भरली, तसे केवळरामकाका एका सकाळी तिला हाताला धरून पाण्यात घेऊन गेले.

काका एकीकडं जाळं टाकायचे आणि डिंपल दुसरीकडं काठाकाठानं चालायची. पाण्यातल्या हालचालीनं मासे पळतात, म्हणून बाकीच्या मासेमारांना हे काही रुचलं नाही.

"केवळराम, तुही पोरगी मासे भेवाडून राह्यली!" लटारूभाऊ काठावरून ओरडले.

"मासे उद्या येतीन, भाऊ," काका म्हणाले. "पोरीचा पाय तं येऊ द्या परत."

लटारूभाऊ बडबडत गेले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःच येऊन सांगितलं, "इकडून चाल बाई, तिकडं गाळ हाये."

पाय परत आला. भीती मात्र गेली नाही. ती सरळ धावायची, पण वळायची वेळ आली की थबकायची. मला म्हणाली, "रिना, पाय ऐकते वं. मनच नाई ऐकत."

मयुरी मॅडमचा फोन आला तेव्हा त्या नागपुरात फुटसालची टीम बांधत होत्या. हॉलमध्ये, लाकडी फरशीवर, पाच-पाच जणींचा फुटबॉल. डिंपल गेली, पण तिला आधी तो पोरखेळच वाटला. पहिल्याच दिवशी तिनं सवयीनं बॉल असा हाणला, की तो छताच्या लोखंडी पट्ट्यांत जाऊन अडकला. शिडी येईपर्यंत सगळ्या पोरी जमिनीवर बसून हसत होत्या. मॅडम म्हणाल्या, "बॉलच्या मागं धावू नकोस. तळव्याखाली दाब, आणि मान वर करून बघ."

हळूहळू तिला गंमत कळली. इथं बॉल जड, उसळत नाही. जागा एवढीशी, की क्षणाक्षणाला वळावंच लागतं. वळायला घाबरायचं म्हटलं तरी सवड नाही! महिन्याभरात तिच्या लक्षात आलं की आपण गुडघ्याचा विचारच केलेला नाही.

त्या टीमबरोबर ती फायनलला पोचली. काका-काकूंनी तिचा एकही सामना पाहिला नव्हता, म्हणून मी दोघांना घेऊन एसटीनं नागपूरला गेले. हॉलच्या दारात फरशीची चकाकी पाहून गोकुळाकाकूंनी चपला काढल्या. त्यांचं बघून मागच्या दोन बायकांनीही काढल्या. काका छताकडं बघत होते. "पाऊस आला तरी खेळ बंद नाई होत?"

"नाही, काका."

"मंग मस्त हाये."

शेवटी शेवटी आमच्या पोरी एका गोलानं पुढं होत्या. बरोबरी करायची म्हणून समोरच्यांनी गोलकीपर बाहेर काढली आणि तिच्या जागी आणखी एक खेळाडू हल्ल्याला आणली. त्यांचा गोल मोकळा पडला. तेवढ्यात डिंपलनं आपल्याच गोलापुढं बॉल हिसकावला, तळव्याखाली दाबला आणि मान वर केली.

"मार वं!" गोकुळाकाकू उभ्या राहून ओरडल्या. "तिथी कोणीच नाई!"

डिंपलनं मारला. बॉल अख्ख्या कोर्टावरून घसरत गेला, खांबाला लागला आणि आत शिरला. मी काकूंच्या गळ्यात पडले. काका मात्र काळजीत होते.

"त्यायची गोलवाली कुठी गेली होती?"

मी समजावलं. त्यांना ते काही पटलं नाही. "आपली जागा सोडून? बिचाऱ्या पोरी!" परतीच्या एसटीत ब्रह्मपुरी येईपर्यंत ते समोरच्या टीमसाठी हळहळत होते.

त्या फायनलनंतर मोठ्या मैदानाच्या एका दुसऱ्या क्लबनं डिंपलला विचारलं. अट एकच, हॉलमधला खेळ सोडायचा. तिनं नाही म्हटलं. मॅडम म्हणाल्या, विचार कर, अशी संधी रोज येत नाही. डिंपल म्हणाली, "ज्या खेळानं मले वळाले शिकवलं त्याले सोडून कशी जाऊ?" तीन आठवडे त्या क्लबचा फोन आला नाही. मग आला, आणि अटीशिवाय आला.

आता ती कडेनं सुसाट पळत नाही. मैदानाच्या मधोमध खेळते, बॉल पायाखाली दाबून मान वर करते, आणि कुणाला सुचणार नाही तिथं पास देते. गेल्या सीझनला मी सुट्टी काढून तिचा सामना बघायला गेले. मधल्या वेळेत मणिपूरची एक बारकीशी पोरगी, जिला मराठीचा गंधही नाही, कमरेवर हात ठेवून, डिंपलकडूनच उचललेल्या आमच्या बोलीत तिच्यावर ओरडत होती,

"काऊन वं? पास काऊन नाई देला?"